क्रिसच्या मुठींचा सुटा बाजार

२०२० च्या मार्चमध्ये नेदरलँड्सच्या राजाने बोगोरच्या राजवाड्यात इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांना एक क्रिस, म्हणजे तिकडचा मानाचा खंजीर, परत केला. हा दीपोनेगोरोचा क्रिस. योग्याकर्ताच्या या राजपुत्राने १८२५ ते १८३० अशी पाच वर्षं जावात डचांना झुंजवलं आणि शेवटी मागेलांगला वाटाघाटींसाठी आलेला असताना डचांनी त्याला कैद केलं. क्रिस परत आला आणि लगेच वाद उभा राहिला: हा खरोखर त्याचाच का? त्याच्या 'नागा सिलुमन' या नावातला नाग आणि पात्यावरचा नाग जुळतो का? पुढे २०२३ च्या जुलैत लायडनमध्ये ४७८ वस्तू इंडोनेशियाच्या स्वाधीन झाल्या. त्यात लोंबोकच्या राजवाड्यातून लुटलेला खजिना होता, बालीतल्या क्लुंगकुंगचा एक क्रिस होता. आता वादाने दुसरं वळण घेतलं. एक बाजू म्हणते, युरोपात आहे ते सगळं लुटीचं, सगळं परत द्या. दुसरी म्हणते, आम्ही जपलं म्हणून राहिलं, नाहीतर गंजून गेलं असतं. मला दोन्ही बाजूंचा युक्तिवाद अपुरा वाटतो, कारण दोघांचीही नजर नामवंत पात्यावर आणि मालकीच्या कागदावर खिळलेली आहे. त्याच काळात जुन्या क्रिसच्या कोरीव मुठी पात्यांवरून उतरवून एकेक करून विकल्या जात आहेत. त्या लहानशा दांडीवर उभ्या केल्या जातात, त्यांच्यावर नेमका प्रकाश सोडला जातो आणि 'लघुशिल्प' म्हणून त्या गिऱ्हाइकासमोर येतात. त्याबद्दल फारसं कुणी भांडत नाही.

माझं म्हणणं असं आहे: क्रिसची जुनी मूठ पात्यापासून तोडून स्वतंत्र कलावस्तू म्हणून विकणं थांबलं पाहिजे. ज्या मुठी आधीच सुट्या झाल्या आहेत, त्यांची नोंद पूर्ण शिल्प म्हणून न करता एका मोडलेल्या वस्तूचा उरलेला भाग म्हणून केली पाहिजे आणि काय परत करायचं या चर्चेत त्याही मोजल्या गेल्या पाहिजेत. मालकी कुणाची हा प्रश्न मोठाच आहे. पण मूठ एकदा सुटी होऊन दोन-तीन हातांतून फिरली की तो प्रश्न विचारायला आधारच उरत नाही. म्हणून क्रमाने हा प्रश्न आधी येतो.

मुठीला इतकं महत्त्व का, हे कळायला क्रिसची रचना थोडी बघावी लागते. क्रिस हा जावा, बाली, मादुरा, सुमात्रा, सुलावेसी, मलय द्वीपकल्प इथपासून फिलिपिन्सच्या दक्षिण बेटांपर्यंत पसरलेला खंजीर. पातं मुळाशी एका बाजूला जास्त रुंद, पुढे सरळ किंवा नागमोडी. वळणांची संख्या नेहमी विषम. वेगवेगळ्या जातींच्या लोखंडाचे थर एकमेकांत घडवून पात्यावर जी नक्षी उमटते तिला पामोर म्हणतात, आणि ते घडवणाऱ्याला एंपू. मध्य जावातल्या सुकुह मंदिरात पंधराव्या शतकातलं एक शिल्प आहे: भीम लोहाराच्या जागी बसून पातं घडवतो आहे, शेजारी गणपती नाचतो आहे. शस्त्र म्हणून क्रिसचा उपयोग मागे पडला तरी घराण्याचा वारसा म्हणून त्याचा मान टिकला. बालीत दर २१० दिवसांनी तुंपेक लांदेपचा दिवस येतो आणि आपल्याकडे खंडेनवमीला होतं तसं धातूच्या शस्त्रांचं पूजन होतं. जावात सुरो महिन्यात वारशाचे क्रिस विधीपूर्वक धुतले जातात. युनेस्कोने २००५ साली इंडोनेशियातल्या क्रिसला मानवाच्या अमूर्त वारशात स्थान दिलं ते केवळ धातुकामासाठी दिलं नाही. घडवणं, बाळगणं, पूजणं, वारसाने देणं ही सगळी साखळी त्यात धरली आहे.

पात्याच्या मुळाशी एक बारीक शेपटी असते. तिच्यावर कापडाची चिंधी गुंडाळून ती मुठीच्या भोकात दाबून बसवतात. मधे धातूची एक कडी असते. जावाच्या पद्धतीत खिळा नाही. थोडं पिळलं की मूठ सुटते. हीच सोय आज तिच्या मुळावर आली आहे.

आणि या मुठी किती तऱ्हेच्या! योग्याकर्ता आणि सुराकर्ता इथल्या मुठी बाहेरून अगदी साध्या, किंचित वाकलेल्या लाकडाच्या, पण आतल्या अंगाला नखाएवढ्या जागेत दोन बारीक नक्षीदार चेहरे कोरलेले. बालीत राक्षस, वीर, अमृताची कुपी हातात धरलेला वायुदेव; राजघराण्यांसाठी सोन्याच्या पत्र्यात घडवून माणकं जडवलेले. मादुरात पांढऱ्या हस्तिदंतावर वेलबुट्टी, आणि त्या वेलबुट्टीत कधी पंख असलेला घोडा, कधी युरोपियन घाटाचा मुकुट. सुमात्रा आणि मलय भागात थंडीने कुडकुडल्यासारखा, हात पोटाशी घेऊन बसलेला माणूस. सुलावेसीच्या बुगी लोकांत पक्ष्याच्या डोक्याचा भास देणारी, जवळजवळ काटकोनात वळलेली मूठ. पट्टणी आणि केलांतानकडे लांबलचक नाकाचा किंवा चोचीचा एक विलक्षण चेहरा, ज्यात कुणाला खंड्या पक्षी दिसतो तर कुणाला छायानाट्यातला राक्षस. दक्षिण फिलिपिन्समधल्या सुलू आणि मिंदानावच्या मोरो लोकांत काकाकुव्याचा तुरा, सरदाराच्या शस्त्रावर तो हस्तिदंताचा आणि भलामोठा. ही परंपरा जुनी आहे. चेंग ह या चिनी दर्यासारंगाच्या आरमाराबरोबर पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात जावात आलेला मा हुआन लिहून गेला आहे की इथे तीन वर्षांच्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येक पुरुषाच्या कमरेला खंजीर असतो आणि त्याची मूठ सोन्याची, गेंड्याच्या शिंगाची किंवा हस्तिदंताची असून तिच्यावर माणसाची किंवा राक्षसाची आकृती फार कौशल्याने कोरलेली असते. परक्या प्रवाशाच्या नजरेत भरली ती मूठ. साहजिक आहे. पातं म्यानात असतं, मूठ जगाला दिसते. ती बघून समोरच्याला कळायचं की हा माणूस कुठला, कोणत्या दरबाराचा, कोणत्या पायरीचा.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. संग्राहक म्हणतात, मूठ आणि पातं यांची जोडी कधीच कायमची नव्हती. जावानीज माणूस स्वतःच सांगतो की खरा क्रिस म्हणजे पातं. मूठ आणि म्यान हा त्याचा पोशाख. समारंभाला एक म्यान, रोजच्या वापराला दुसरं. क्रिस एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गेला, बक्षीस म्हणून, हुंड्यातून, लढाईतून, की नवा मालक आपल्या रीतीची मूठ त्यावर चढवायचा. जुनी मूठ झिजली की नवी यायची. मग जी गोष्ट तिथले लोक शतकानुशतकं करत आले तीच लंडनच्या किंवा ॲमस्टरडॅमच्या विक्रेत्याने केली तर तो गुन्हा कसा?

हे सगळं खरं आहे, आणि जे लोक प्रत्येक क्रिसची 'मूळ मूठ' शोधायला निघतात त्यांनी ते ध्यानात ठेवावं. पण यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. बुगी सरदाराने जावाच्या पात्यावर आपली मूठ चढवली तेव्हा त्याने काय केलं? त्याने त्या क्रिसच्या आयुष्यात एक प्रकरण जोडलं. पातं जावाचं, मूठ सुलावेसीची, म्हणजे हे शस्त्र समुद्र ओलांडून आलं आणि इथे कुणीतरी ते आपलं मानलं, एवढी हकिकत त्या जोडीतच लिहिली गेली. विक्रेता मूठ उतरवतो तेव्हा नवी मूठ त्याच निष्ठेने चढत नाही. पात्यावर मिळेल ती स्वस्त मूठ बसते किंवा पातं उघडंच पडून राहतं, आणि उतरवलेली मूठ कुठल्या पात्यावर होती याची चिठ्ठीसुद्धा कुणी ठेवत नाही. पोशाख बदलणं आणि अंगावरचे कपडे काढून विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत माणूस तोच राहतो आणि त्याच्या बदलाची खूण उरते. दुसरीत कपडे कुणाचे होते हे विचारायला कुणी उरत नाही.

शिवाय 'मूठ म्हणजे फक्त पोशाख' हे वाक्य दरबारी जावाचं आहे. तेच बालीला, मादुराला, मोरो प्रदेशाला सरसकट लावायचं कशाच्या आधारावर? क्लुंगकुंगच्या राजघराण्यातल्या सोन्याच्या मुठीला आणि सुलूच्या सरदाराच्या हस्तिदंती काकाकुव्याला योग्याकर्ताच्या नियमाने मोजणं म्हणजे एका दरबाराचं मत साऱ्या द्वीपसमूहाचं मत धरणं. खुद्द जावातही ती मूठ गौण नव्हती. १७५५ च्या तहाने माताराम राज्याचे सुराकर्ता आणि योग्याकर्ता असे दोन तुकडे झाले आणि दोन्ही दरबारांनी आपापला वेश, आपापलं नृत्य, आपापला क्रिसचा सरंजाम वेगळा राखला. मुठीच्या वळणातल्या बारीक फरकावरून जाणकार आजही दरबार ओळखतो. राज्याच्या फाळणीची खूण ज्या वस्तूत सांभाळली गेली, ती नुसती सजावट कशी?

दुसरा मुद्दा जपानवरून येतो आणि तो वरवर पाहता बिनतोड आहे. १८७६ साली जपानमध्ये सामुराईंना तलवार बाळगायला बंदी झाली. तलवारींच्या मुठीजवळच्या धातूच्या चकत्या, ज्यांना त्सुबा म्हणतात, त्या सुट्या होऊन युरोप-अमेरिकेत गेल्या. आज त्सुबा हे अभ्यासाचं स्वतंत्र क्षेत्र आहे. संग्रहालयांत त्यांची स्वतंत्र दालनं आहेत आणि जपानलाही त्याचा अभिमान आहे. मग क्रिसच्या मुठीचं तसं क्षेत्र झालं तर काय बिघडलं?

बिघडतं ते असं. अनेक त्सुबांवर कारागिराची सही असते. त्यांच्या घराण्यांच्या वंशावळी लिहिलेल्या आहेत, शाळांची नावं आहेत, जपानी जाणकारांनी त्यांची प्रतवारी आणि प्रमाणपत्रं यांची पद्धत बसवली आहे. त्सुबा तलवारीपासून तुटली तरी तिच्या अंगावर थोडी ओळख उरते. क्रिसची मूठ कोरणाऱ्याने सहसा सही केलेली नाही. तिची ओळख अंगावर लिहिलेली नसते, ती असते शेजारात: कोणतं पातं, कोणती कडी, कोणतं म्यान, कोणत्या घरातून आलं. तो शेजार काढून घेतला की उरतं काय, 'हस्तिदंत, जावा, एकोणिसावं शतक'. आणि जपानचा दाखला द्यायचाच असेल तर तो पुरता द्यावा. जपानमध्ये जुनं पातं जपण्यासाठी साध्या लाकडी म्यानात वेगळं ठेवतात तेव्हा त्याची मूठ, त्सुबा, नक्षीदार म्यान हा सरंजाम विखुरू देत नाहीत. लाकडाचं एक नकली पातं करतात आणि सगळा सरंजाम त्यावर जसाच्या तसा बांधून ठेवतात. वेगळं करायचं, पण जोडी मोडायची नाही, ही शिस्त त्यांनी घालून दिलेली आहे. क्रिसच्या बाजाराने जपानकडून सुट्या वस्तूची हौस घेतली आणि ही शिस्त तिथेच सोडली.

वस्तू फोडून विकण्याची ओढ नवी नाही. इराणच्या शाह तहमास्पसाठी सोळाव्या शतकात तयार झालेल्या शाहनाम्याच्या पोथीत २५८ चित्रं होती. १९५९ साली ती एका श्रीमंत अमेरिकन संग्राहकाच्या हाती गेली. त्याने पोथी सोडवली, ७८ चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली, पुढे बरीच पानं लिलावात एकेक करून विकली. त्याच्या मृत्यूनंतर उरलेला भाग १९९४ साली एका आधुनिक अमेरिकन चित्राच्या बदल्यात इराणला परत गेला. प्रत्येक पान सुंदर आहे, प्रत्येक पान कुठेतरी नीट जपलेलं आहे, आणि तरीही ती पोथी आता जगात नाही. पानांच्या बाबतीत निदान क्रमांक होते, मजकूर होता, कुठलं पान कुठे होतं हे सांगता येत होतं. मुठीला पान क्रमांक नसतो. आपल्याकडे वाडे पाडताना कोरीव खांब, तुळया, गणेशपट्टीसकट चौकटी जुन्या सामानाच्या बाजारात गेल्या आणि कुठल्याशा हॉटेलच्या दर्शनी भागात जाऊन बसल्या. ती चौकट कुठल्या गावच्या, कुणाच्या वाड्याची, हे तिच्याकडे बघून आज कुणाला सांगता येईल?

संग्राहकांच्या बाजूने आणखी दोन गोष्टी मान्य करतो, कारण त्या न्यायाच्या आहेत. पहिली, परदेशात गेलेला प्रत्येक क्रिस लुटीचा नाही. ॲमस्टरडॅमच्या ट्रोपेनम्युझियममध्ये (आता वेरेल्डम्युझियम) मांडला गेलेला, चौदाव्या शतकातली तारीख वागवणारा प्रसिद्ध 'क्नाउडचा क्रिस' योग्याकर्ताच्या पाकू आलम संस्थानाच्या पाचव्या अधिपतीने आपल्या मुलाला बरं केल्याबद्दल चार्ल्स क्नाउडला एकोणिसाव्या शतकात दिला. कितीतरी क्रिस व्यापारातून गेले, मैत्रीत दिले गेले, घरच्या अडचणीत विकले गेले. आजही इंडोनेशियात अशी घरं आहेत ज्यांना धार्मिक कारणाने आजोबांचा क्रिस घरात नको असतो. दुसरी, परदेशी जिज्ञासेने भलंही केलं आहे. क्रिस घडवण्याची कला विसाव्या शतकाच्या मध्यावर विझत आली होती. १९७० च्या दशकात योग्याकर्ताजवळ एंपू जेनो आणि त्यांच्या भावांनी पुन्हा भट्टी पेटवली तेव्हा डीट्रिख ड्रेशर या जर्मन अभ्यासकाचं प्रोत्साहन त्यामागे होतं. हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण लक्षात घ्या, त्या माणसाला ओढ होती ती अख्ख्या क्रिसची, तो घडतो कसा याची. दांडीवर उभ्या केलेल्या सुट्या मुठींनी एकही भट्टी पेटवलेली नाही.

'आमच्याकडे सुरक्षित राहतं' या दाव्याचं काय? तो मांडणारे २०२३ च्या सप्टेंबरकडे बोट दाखवतात. जाकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली आणि शेकडो वस्तूंचं नुकसान झालं. दुःखद घटना होती. पण त्याच्या आदल्याच महिन्यात लंडनमधून काय बातमी आली होती? ब्रिटिश म्युझियममधून सुमारे दोन हजार वस्तू चोरीला गेल्या, मोडल्या किंवा गहाळ झाल्या, आणि त्यातल्या काही चक्क इंटरनेटवरून विकल्या जात होत्या. कोणत्या वस्तू गेल्या? मोठे पुतळे गेले नाहीत. गेले ते कोरीव खडे, दागिन्यांचे तुकडे. लहान, खिशात मावणारे, आणि बरेचसे धड नोंद न झालेले. जगातल्या सर्वांत श्रीमंत संग्रहालयांपैकी एकात जे टिकलं नाही ते कुणाच्या घरातल्या कपाटात टिकेल असं कशावरून धरायचं? सुटेपणा, लहानपणा आणि नोंद नसणं ही तिन्ही लक्षणं सुट्या मुठीत एकत्र येतात. धोका जाकार्तातही आहे आणि लंडनमध्येही. तो कमी करायचा उपाय म्हणजे वस्तू पूर्ण ठेवणं आणि तिची नोंद करणं, आणि सुटा बाजार नेमका त्याच्या उलट चालतो.

आता 'सगळं परत द्या' म्हणणाऱ्यांकडे वळतो. त्यांच्या मागणीमागचा संताप मला कळतो आणि तो बहुतांशी योग्यही आहे. १८९४ साली लोंबोकचा चाक्रानगरा राजवाडा पडला तेव्हा डच सैन्याने २३० किलो सोनं आणि सात हजार किलोंहून जास्त चांदी नेली. २० सप्टेंबर १९०६ ला बालीत बादुंगचा राजा, त्याचं कुटुंब आणि त्याची माणसं पांढरी वस्त्रं नेसून, हातात क्रिस घेऊन डच बंदुकांसमोर चालत गेली आणि मेली. त्यानंतर प्रेतांच्या अंगावरचं किमती सामान लुटलं गेलं. १९०८ च्या एप्रिलमध्ये क्लुंगकुंगला तेच झालं. बादुंगच्या आधी सहाच महिने, १९०६ च्या मार्चमध्ये, होलो बेटावर बुद दाहोच्या डोंगरात अमेरिकन फौजेने शेकडो मोरो स्त्री-पुरुष-मुलं मारली होती. त्या काळात मोरो शस्त्रं अमेरिकेत घरोघरी युद्धाची आठवण म्हणून गेली. अशा प्रसंगांतून आलेल्या मुठी आज बाजारात नसतील असं कोण म्हणेल?

पण मग मागणी करणाऱ्यांनीच सांगावं, परत कशी करायची? सोन्याची एक बाली मूठ समोर आली. ती १९०६ साली बादुंगला कुणाच्या हातात होती, की १९३० साली एका डच पर्यटकाने रोख पैसे देऊन घेतली? तिला पातं नाही, म्यान नाही, कागद नाही. लांब नाकाची एक मूठ समोर आली. पट्टणीचा प्रदेश आज थायलंडमध्ये आहे, केलांतान मलेशियात. १९०९ च्या तहाने इंग्रज आणि सयाम यांनी त्या भागात सीमा आखली. मूठ बँकॉकला पाठवायची की क्वालालंपूरला? क्लुंगकुंगचा क्रिस परत जाऊ शकला कारण त्याचा माग लागत होता. ज्यांचा माग पुसला गेला त्या वस्तूंबद्दल परतफेडीचं आंदोलन गप्प आहे, आणि माग पुसण्याचं काम रोज चालू आहे. नामवंत वस्तू परत मिळवण्यात राष्ट्रांना रस असतो, कारण तिथे छायाचित्र निघतं, भाषण होतं. निनावी कारागिराने कुणा मध्यम दर्जाच्या सरदारासाठी कोरलेल्या मुठीसाठी कोणता मंत्री विमानाने जाणार? म्हणूनच तिच्यासाठी नियम हवा, समारंभ नको.

महाराष्ट्रात हा वाद परका नाही. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्यात मांडली गेली तेव्हा आपणही 'तीच का' एवढ्या एका प्रश्नावर महिनोन्महिने भांडलो. पण मला इथे २०२५ ची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्या वर्षी एप्रिलमध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या नावाची तलवार लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात निघाली आणि राज्य सरकारने सुमारे ४७ लाख रुपयांत ती मिळवली. ही तलवार फिरंग आहे. पातं युरोपात घडलेलं, पाठीवर देवनागरीत सोन्याने कोरलेलं नाव, आणि मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या कोफ्तगिरीने, म्हणजे पोलादावर ठोकून बसवलेल्या सोन्याच्या नक्षीने, सजवलेली. पात्याची जात विचारली तर उत्तर युरोप येतं. ही मराठा तलवार आहे ती त्या नावामुळे आणि त्या मुठीमुळे. समजा विक्रेत्याने लिलावाआधी मूठ वेगळी काढली असती, कारण कोफ्तगिरीच्या मुठींना वेगळं गिऱ्हाईक असतं. तर मूठ 'दख्खन, अठरावं शतक' अशा चिठ्ठीखाली कुणाच्या तरी शोकेसमध्ये गेली असती, आणि नागपूरला आलं असतं ते एक युरोपियन पातं. हे आपल्याला चाललं असतं का? नसतं, आणि बालीच्या किंवा मादुराच्या माणसालाही ते चालणार नाही असं धरून चालायला हवं.

हस्तिदंतावरच्या कायद्यांचा एक परिणाम इथे सांगितला पाहिजे, कारण या वादात तो कुणी जोडून बघत नाही. ब्रिटनचा २०१८ चा हस्तिदंत कायदा २०२२ च्या जूनपासून लागू झाला. १९४७ पूर्वीच्या वस्तूत हस्तिदंताचं प्रमाण आकारमानाने दहा टक्क्यांच्या आत असेल तर नोंदणी करून ती विकता येते. सुटी हस्तिदंती मूठ ही शंभर टक्के हस्तिदंत असते, त्यामुळे अपवादात्मक दर्जाचा दाखला मिळाला किंवा मान्यताप्राप्त संग्रहालयाने ती घेतली तरच तिची विक्री होऊ शकते. हा कायदा हत्तींसाठी आहे, क्रिससाठी नाही. तरी त्याने दाखवून दिलं की अख्खी वस्तू आणि तिचा तोडलेला तुकडा यांना कायदा वेगवेगळं मोजू शकतो आणि अख्खी ठेवणाऱ्याला सवलत देऊ शकतो. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनंतर हस्तिदंताच्या व्यापाराला वावच उरलेला नाही, म्हणून आपल्याकडचा हौशी खरेदीदार लाकडी आणि शिंगाच्या मुठींकडे वळतो. लाकडी मुठींना मात्र हस्तिदंतासारखं कायद्याचं कुंपण नाही. पातं हत्यार असतं, विमानतळावर अडतं. मूठ कुणाच्याही सामानातून सहज जाते. तुकडा नेणं सोपं आणि अख्खी वस्तू नेणं कठीण, अशी ही व्यवस्था तोडफोडीलाच उत्तेजन देते.

यात सर्वांत कमी बोललं जातं ते आज जिवंत असलेल्या कोरणाऱ्यांबद्दल, आणि मला त्यांची काळजी सर्वांत जास्त आहे. मादुराच्या सुमनेप भागातल्या आएंग तोंग-तोंग गावात आजही घरोघर क्रिसचं काम चालतं. बालीत, जावात मुठी कोरणारे हात आहेत. त्यांच्यासमोर बाजार काय ठेवतो? आपल्या नावाने कोरलेली नवी मूठ थोडक्या पैशांत जाते. तीच धुराने, तेलाने, घासून जुनी केली आणि निनावी केली की भाव कितीतरी चढतो. म्हणजे उत्तम कारागिराला स्वतःचं नाव लपवण्याचे पैसे मिळतात. पूर्ण क्रिसमध्ये ही लबाडी अवघड असते, कारण पातं, कडी, म्यान, झीज या सगळ्यांची साक्ष एकमेकांशी जुळावी लागते. सुट्या मुठीला साक्षीदारच नसतो. जुन्या मुठींचा सुटा व्यापार जितका वाढेल, तितके आजचे चांगले हात खोट्या जुनेपणाच्या कामाला जुंपले जातील.

'पण आता हजारो मुठी सुट्या झाल्याच आहेत, त्यांचं काय करायचं?' हा शेवटचा आक्षेप रास्त आहे. त्या जाळून टाका किंवा तळघरात कोंडा असं मी म्हणत नाही. संग्रहालयांनी त्या मांडाव्यात, पण शेजारी त्याच भागाचा पूर्ण क्रिस ठेवून, आणि ही मूठ कुठल्यातरी पात्यावरून उतरलेली आहे हे फलकावर लिहून. भोकाचं माप, आत राहिलेली चिंधी, हाताने झिजलेली बाजू, या सगळ्याची छायाचित्रांसह नोंद खुली करावी, म्हणजे उद्या एखाद्या अनाथ पात्याशी तिची गाठ पडण्याची शक्यता तरी राहील. लिलावगृहांनी ज्या मुठीचा मागचा प्रवास सांगता येत नाही ती घेऊ नये. राष्ट्रांमधल्या परतफेडीच्या करारांत पात्यांच्या याद्यांबरोबर सुट्या मुठींची यादी मागून घ्यावी, आणि ती तपासायला इतिहासकारांबरोबर सुमनेपचे, क्लुंगकुंगचे, योग्याकर्ताचे कोरणारे बसवावेत; कारण कुठलं वळण कुठल्या हत्याराने निघतं आणि कुठल्या गावात निघतं हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे, आणि आजवर या वादात त्यांना कुणी खुर्ची दिलेली नाही.